दिवाणखान्यांतला विनोद

मुंबईच्या दक्षिणेस, कुंडलिका नदी जेथें समुद्रास मिळते तेथें रेवदंडा हें गांव वसलेलें आहे. पोर्तुगीजांनीं बांधलेल्या तटाच्या आंत माडा-पोफळींच्या वाड्या आणि तटाला लागूनच जुनें चौल, अशीं हीं दोन जुळीं गांवें. पंधराव्या शतकांत अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी ह्याच चौल बंदरांत उतरला, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु ह्या किनाऱ्याची आणखी एक देणगी आहे. तिची ओळख इतिहासाच्या अभ्यासकांपेक्षां सामान्य कुटुंबांतील माणसांना अधिक. कोंकणांतील बेने इस्राएल समाजांत गांवाच्या नांवास ‘कर’ जोडून आडनांव लावण्याची चाल जुनी आहे. पेणकर, रोहेकर, किहीमकर हीं जशीं आडनांवें, तसेंच चेऊलकर. डेव्हिड अब्राहम चेऊलकर ह्या नटाला लोक नुसते ‘डेव्हिड’ म्हणून ओळखीत. पण त्यांच्या आडनांवांत कुळाच्या गांवाची खूण शेवटपर्यंत राहिली.

‘बूटपॉलिश’ (१९५४) ह्या चित्रपटांतील कामाबद्दल डेव्हिड ह्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालें व १९६९ मध्यें पद्मश्री ही पदवी मिळाली. तथापि घरोघरच्या लोकांच्या मनांत ते बसले, ते मुख्यतः ‘चुपके चुपके’ (१९७५), ‘खट्टा मीठा’ (१९७८), ‘गोलमाल’ व ‘बातों बातों में’ (दोन्ही १९७९) ह्यांसारख्या कौटुंबिक विनोदी चित्रपटांमुळें. बुटकी मूर्ति, हंसरे डोळे, आणि तरुणांच्या निरुपद्रवी कटांत गुपचूप सामील होणारा घरांतला वडीलधारा, असें त्यांचें रूप. अशा चित्रपटांत घराचा कर्ता पुरुष तत्त्वाला चिकटून बसतो व त्यामुळें हास्यास्पद होतो. त्याची फजिती होत असतां त्याची प्रतिष्ठा सांभाळणारें माणूस मात्र कोणी तरी लागतें. तें काम बहुधा डेव्हिड ह्यांच्याकडे येई. कौटुंबिक विनोदाचें मर्म ह्या एका पात्राच्या योजनेंत सांठविलेलें आहे.

चौलच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर अलिबाग. ह्या अलिबागच्या परिसरांत दुर्गा खोटे ह्यांनीं आपला उत्तरकाल घालविला; १९९१ च्या सप्टेंबरांत त्यांचें निधन झालें. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ मध्यें तारामतीचें काम करणाऱ्या ह्या अभिनेत्रीनें ‘बावर्ची’ (१९७२) मध्यें एका भांडखोर एकत्र कुटुंबांतील थोरल्या सूनबाईचें काम केलें, हें पुष्कळांस आठवत असेल. परंतु त्यांच्या नांवानें चालणाऱ्या निर्मितिसंस्थेनें १९८८ मध्यें दूरदर्शनसाठीं ‘वागळे की दुनिया’ ही विनोदी मालिका तयार केली, हें तितकेंसें कोणाच्या लक्षांत राहिलेलें नाहीं. रेवदंड्यापासून अलिबागपर्यंतच्या ह्या चिंचोळ्या किनाऱ्याचा घरगुती विनोदाशीं असा दुहेरी संबंध आहे. आणि म्हणून दूरचित्रवाणीसाठीं कौटुंबिक विनोद निर्माण करणाऱ्या माणसांचा विचार येथूनच आरंभिणें सोयीचें होईल.

नाट्यगृहांतला विनोद, चित्रपटगृहांतला विनोद आणि घरांतल्या पडद्यावरचा विनोद हे तीन निराळे प्रकार आहेत. नाट्यगृहांत प्रेक्षक हंसण्याच्या तयारीनें, तिकिटाचे पैसे मोजून आलेला असतो. बबन प्रभु ह्यांचीं ‘झोपी गेलेला जागा झाला’ किंवा ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ हीं प्रहसनें ज्यांनीं भरल्या नाट्यगृहांत पाहिलीं असतील त्यांस ठाऊक आहे कीं, अशा वेळीं हंसें एका रांगेंतून दुसऱ्या रांगेंत पसरत जातें आणि नटालाही त्याचा जोर चढतो. चित्रपटगृहांत नट समोर नसतो, पण काळोख आणि गर्दी असते. त्या काळोखांत सासूबाईंच्या शेजारीं बसलेली सूनही सासूवरच्या विनोदाला मोकळेपणानें हंसूं शकते.

दिवाणखान्यांत काळोखही नसतो आणि गर्दीही नसते. तेथें आजोबा आरामखुर्चीवर असतात, आई भाजी निवडीत असते, मुलें सतरंजीवर असतात, आणि सर्वांचीं तोंडें सर्वांस दिसत असतात. ह्या मंडळींनीं तिकीट काढलेलें नसतें. कंटाळा आला तर एक कळ फिरविली कीं खेळ संपला. परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, ज्याच्यावर हंसावयाचें तो मनुष्य त्याच दिवाणखान्यांत बसलेला असतो. पडद्यावरील चिक्कू बाप पाहून मुलगा हंसतो तेव्हां त्याचा स्वतःचा बाप दोन हातांवर असतो. म्हणून घरगुती पडद्यावरील विनोदाची कसोटी एकच आहे : तो पाहून झाल्यावर घरांतल्या सर्व माणसांना एकमेकांच्या शेजारीं जेवावयास बसतां आलें पाहिजे. ह्या कसोटीला उतरणारे लेखक, दिग्दर्शक आणि नट थोडे असतात.

ही कसोटी महाराष्ट्रांत प्रथम नभोवाणीनें घालून दिली. मुंबईस नभोवाणीचें केंद्र १९२७ मध्यें सुरू झालें. पुढें आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून ‘पुन्हा प्रपंच’ हा कार्यक्रम होऊं लागला तेव्हां बाळ कुडतरकर, नीलम प्रभु व प्रभाकर जोशी ह्यांच्या आवाजांतून एक सबंध बिऱ्हाड श्रोत्यांच्या घरीं येऊं लागलें. त्यांतले टेकाडे भावोजी आणि मीनावहिनी हीं माणसें शेजारीं राहतात असें लोकांस वाटे. येथें वेष नाहीं, मुद्रा नाहीं. आवाजाच्या चढउतारानें आणि वेळेवर घेतलेल्या विरामानें सारें साधावयाचें. दूरचित्रवाणी आली तेव्हां तिला विनोदाचें हें घरगुती वळण आयतेंच मिळालें.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि त्याच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिति सई परांजपे ह्यांच्याकडे सोंपविण्यांत आली होती. दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. पृथ्वीची गोलाई किंवा एखादा डोंगर आड आला कीं चित्र फिकें होतें. म्हणूनच क्षेपणाचे मनोरे उंच बांधतात. रेवदंड्यासारख्या गांवाचें मुंबईपासूनचें अंतर सरळ रेषेंत अवघें ५० किलोमीटरांच्या आसपास भरतें. परंतु मध्यंतरीं कनकेश्वर-सागरगडाकडील डोंगर आहेत. अशा ठिकाणीं छपरावरील एरियलचें तोंड कोणत्या बाजूस करावें ह्यावरच चित्राचा स्पष्टपणा अवलंबून असतो. त्या काळांत दूरचित्रवाणीचा संच ही सर्वांना परवडणारी वस्तु नव्हती. ज्या घरीं तो असे तेथें शनिवारच्या मराठी चित्रपटाला आणि रविवारच्या हिंदी चित्रपटाला शेजारपाजारचीं माणसें जमत. त्यामुळें दिवाणखान्याची मर्यादा आणखीच वाढली, कारण आतां पाहुण्यांसमोर हंसावयाचें होतें.

ह्या परिस्थितींत दूरदर्शननें जी कृति निवडली ती निवडणाऱ्यांच्या जाणतेपणाची साक्ष देते. चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्यास पालीचे प्राध्यापक. बौद्ध वाङ्मयाचा त्यांचा व्यासंग मोठा. परंतु महाराष्ट्रानें त्यांस लक्षांत ठेवलें तें ‘एरंडाचें गुऱ्हाळ’ (१९३२) आणि ‘चिमणरावाचें चऱ्हाट’ (१९३३) ह्या पुस्तकांमुळें. चिमणराव हा पुण्यांतला मध्यमवर्गीय गृहस्थ. पत्नी काऊ, मुलें, आई आणि पीळदार देहाचा गुंड्याभाऊ हें त्याचें जग. चि. वि. जोशी ह्यांची युक्ति साधी पण फार खोल होती. ह्या साऱ्या फजित्या चिमणराव स्वतःच्याच तोंडानें सांगतो. जो मनुष्य आपली फजिती आपण सांगतो त्याच्यावर हंसणाऱ्याला अपराध्यासारखें वाटत नाहीं. आणि तशीच फजिती ज्याची स्वतःची झालेली असते त्यालाही एकटें वाटत नाहीं.

चिमणरावाला पडद्यावर पहिला देह मिळाला तो चित्रपटगृहांत. मास्टर विनायक ह्यांनीं दिग्दर्शित केलेल्या ‘लग्न पहावें करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) ह्या बोलपटांत दामुअण्णा मालवणकर हे चिमणराव आणि विष्णुपंत जोग हे गुंड्याभाऊ झाले. दामुअण्णांचा विनोद रंगभूमीच्या तालमींत वाढलेला. शेवटच्या रांगेपर्यंत पोंचेल असा त्याचा आवांका. त्यानंतर सुमारें ३५ वर्षांनीं, १९७७ मध्यें, विजया जोगळेकर-धुमाळे व याकूब सईद ह्यांनीं तोच चिमणराव मुंबई दूरदर्शनवर आणला. दिलीप प्रभावळकर हे चिमणराव आणि बाळ कर्वे हे गुंड्याभाऊ. ह्या जोडीनें लोकांच्या मनांत असें घर केलें कीं, १९७९ मध्यें त्यांच्यावर ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा स्वतंत्र चित्रपटही निघाला. सामान्यतः चित्रपटगृहांतलीं पात्रें घरच्या पडद्यावर येतात. येथें घरच्या पडद्यावरून तीं चित्रपटगृहांत परत गेलीं.

प्रभावळकरांचा चिमणराव दामुअण्णांपेक्षां लहान मापाचा होता, आणि तसाच तो असावयास हवा होता. चित्रपटगृहाच्या पडद्यावर मनुष्याचा चेहरा भिंतीएवढा होतो. घरच्या पडद्यावर तो साधारण माणसाच्या चेहऱ्याएवढाच, किंबहुना थोडा लहानच राहतो. त्यामुळें समीपदृश्यांत भिंवईची हालचाल, गिळलेला आवंढा, बोलावयास उघडलेलें व तसेंच मिटलेलें तोंड हीं शब्दांपेक्षां अधिक काम करतात. मोठ्यानें केलेली मुद्रा येथें ओरडल्यासारखी वाटते. घरांत कोणी ओरडून विनोद करीत नाहीं, ही गोष्ट दूरचित्रवाणीच्या नटाला प्रथम शिकावी लागते.

असा कार्यक्रम तयार कसा होतो हेंही समजून घेण्यासारखें आहे. चित्रपटांत बहुधा एका कॅमेऱ्यानें एकेक तुकडा टिपतात व पुढें संकलक ते तुकडे जोडतो. स्टुडिओंतील दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांत दोन-तीन कॅमेरे एकाच वेळीं चालू असतात. निर्माता वरच्या नियंत्रणकक्षांत बसून त्यांचीं चित्रें शेजारीं शेजारीं पाहतो आणि कोणत्या क्षणीं कोणतें चित्र घ्यावयाचें तें सांगत जातो. खालीं फ्लोअर मॅनेजर कानाला श्रवणयंत्र लावून त्याच्या सूचना नटांना खुणेनें पोंचवितो. म्हणून सारी भिस्त तालमींवर. विनोदाला वेळ साधावी लागते. बोलणाऱ्याच्या मुखावरून ऐकणाऱ्याच्या मुखावर चित्र अर्धा क्षण उशिरा गेलें तर हंसूं विरून जातें. कौटुंबिक विनोदांत तर बोलणाऱ्यापेक्षां ऐकणाऱ्याचा चेहराच अधिक महत्त्वाचा, कारण घरांतली खरी गंमत कोणी काय म्हणालें ह्यांत नसून तें कोणास लागलें ह्यांत असते.

हंसणाऱ्या गर्दीच्या अभावाला निरनिराळ्या देशांनीं निरनिराळे उपाय केले. अमेरिकेंत १९५१ मध्यें सुरू झालेली ‘आय लव्ह ल्यूसी’ ही मालिका स्टुडिओंत प्रेक्षक बसवून, तीन कॅमेऱ्यांनीं फिल्मवर टिपीत असत; कार्ल फ्रॉइंड ह्या कसलेल्या छायाचित्रकारानें प्रकाशाची योजना अशी केली कीं सर्व कोनांतून चित्र सारखें यावें. ह्याच सुमारास चार्ल्स डग्लस ह्या ध्वनियंत्रज्ञानें हंसण्याचे मुद्रित तुकडे सांठवून हवे तेथें घालणारें यंत्र बनविलें. तेव्हांपासून कोठें हंसावें हें पुष्कळ कार्यक्रम प्रेक्षकांस शिकवूं लागले. हें उसनें हंसूं वरवर निरुपद्रवी दिसतें; पण त्याचा एक दोष आहे. एखाद्या पात्राच्या लठ्ठपणावर, तोतरेपणावर अथवा गरिबीवर केलेला विनोद ऐकून घरांतलें एखादें माणूस गप्प झालें, तर ह्या कृत्रिम हास्याखालीं ती शांतता ऐकूं येत नाहीं. पुन्हा त्याच त्या सासूची व त्याच त्या नोकराची टिंगल करीत आठवडेच्या आठवडे काढणाऱ्या मालिका मराठींतही कमी निघालेल्या नाहींत.

घरच्या पडद्यासाठीं केलेलें काम हलकें व चित्रपट तेवढा भारी, असा एक समज आहे. सई परांजपे ह्यांच्या उदाहरणानें तो खोडून निघतो. पुणें आकाशवाणीवर निवेदिका म्हणून त्यांनीं कामास आरंभ केला. दिल्ली दूरदर्शनवर त्यांनीं नाटुकलीं आणि लघुपट केले. दूरचित्रवाणीसाठीं केलेल्या ‘द लिटल टी शॉप’ ह्या त्यांच्या चित्रपटाला १९७२ मध्यें तेहरान येथें आशियाई क्षेपण संघाचें पारितोषिक मिळालें. दूरदर्शनसाठीं लिहिलेल्या ‘धुआं धुआं’ ह्या त्यांच्या नाटिकेंतूनच पुढें १९८१ चा ‘चश्मेबद्दूर’ हा चित्रपट उभा राहिला. एका भाड्याच्या खोलींतले तीन तरुण, एक मुलगी आणि थोड्या थापा. एवढ्याशा भांडवलावर तो चालतो. त्याचें मूळ घरच्या पडद्यासाठीं कल्पिलेलें असल्यामुळें त्यांत भव्य देखाव्याची उणीव जाणवत नाहीं, आणि थाप मारणाऱ्याचाही तिरस्कार वाटत नाहीं.

‘वागळे की दुनिया’ मध्यें हीच वृत्ति अधिक गंभीर झालेली दिसते. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण ह्यांच्या कल्पनेंतून आलेला हा वागळे म्हणजे मुंबईतील एका कचेरींतला सामान्य चाकरमान्या. अंजन श्रीवास्तव ह्यांनीं तो उभा केला, भारती आचरेकर ह्यांनीं त्याच्या पत्नीचें काम केलें आणि कुंदन शहा ह्यांनीं दिग्दर्शन केलें. वागळेला खलनायक भेटत नाहीं. त्याची गांठ पडते ती रांगांशीं, अर्जांशीं, वरिष्ठांच्या लहरीशीं आणि स्वतःच्या भिडस्तपणाशीं. बाहेर हरलेला हा मनुष्य घरीं येतो तेव्हां पत्नी त्याला हंसते. पण तें हंसणें जगाच्या हंसण्याहून वेगळें असतें. घराबाहेरचें हंसूं माणसाला लहान करतें आणि घरांतलें हंसूं त्याचा लहानपणा सोसून घेतें, हा भेद ह्या मालिकेनें लाखो चाकरमान्यांच्या घरीं नेऊन पोंचविला.

पुढें खासगी वाहिन्या आल्या. २००१ मध्यें अल्फा मराठी ह्या वाहिनीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका सुरू झाली. केदार शिंदे तिचे दिग्दर्शक. ती दिलीप प्रभावळकर ह्यांच्याच ‘अनुदिनी’ ह्या लेखनावर आधारलेली होती आणि त्यांतले आबा, म्हणजे घरांतले आजोबा, तेच झाले होते. १९७७ मध्यें ज्यानें प्रापंचिक चिमणराव केला तोच नट २४ वर्षांनीं आजोबा होऊन त्याच दिवाणखान्यांत परत आला. टिपरे कुटुंबांत मोठें असें काहीं घडत नाहीं. नातवाचे उद्योग, नातीच्या आवडीनिवडी, मुलाची चिडचिड आणि सुनेची ओढाताण हींच कथानकें. निवृत्त म्हाताऱ्याला घरांत अडगळ होण्याची जी भीति वाटते ती आबांनाही वाटते; पण ते ती बोलून दाखवीत नाहींत, तर स्वतःवरच एक कोटी करून मोकळे होतात. अनेक घरांत आजोबांच्या मनांतली गोष्ट आजोबांनीं कधीं सांगितली नव्हती. ती आबांनीं सांगितली आणि आजोबा शेजारीं बसून ऐकत होते. एवढें काम व्याख्यानानें झालें नसतें.

आज हें सर्व दुसऱ्या कारणासाठीं आठवणें आवश्यक आहे. आतां पुष्कळ घरांत माणसाप्रत एक पडदा झाला आहे. नातू हातांतल्या पडद्यावर एक विनोद पाहतो, आजोबा दुसऱ्या खोलींत दुसरा. ज्याला एकट्यानें हंसावयाचें आहे त्याच्यासाठीं विनोद लिहिणारा लेखक शेजारच्या माणसाची भीड बाळगीत नाहीं, व त्यामुळें विनोद अधिक बोचरा होत जातो. हा दोष यंत्राचा नव्हे. एकत्र पाहिल्यानें जी मर्यादा आपोआप पाळली जात होती ती आतां लेखकानें व नटानें जाणूनबुजून पाळावयास हवी, एवढाच ह्याचा अर्थ.

दुसरी चिंता जतनाची. आरंभीच्या काळांत चित्रफीत फार महाग असे. म्हणून एक कार्यक्रम दाखवून झाला कीं तीच फीत पुसून दुसरा मुद्रित करण्याचा प्रघात देशोदेशींच्या केंद्रांत होता. पुसलेल्या कार्यक्रमांत विनोदी कार्यक्रमही असत. इंग्लंडांत बी.बी.सी. च्या ‘डॅड्स आर्मी’ ह्या लोकप्रिय मालिकेचे १९६९ मधील कांहीं भाग असेच नाहींसे झाले. त्यांपैकीं दोन २००१ मध्यें परत मिळाले, ते एका खासगी व्यक्तीनें ठेवलेल्या फिल्मच्या डब्यांतून. चित्रपटांसाठीं पुण्यास १९६४ मध्यें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें खरें. तरी २००३ च्या आगींत तेथील जुन्या नायट्रेट फिल्मांचा मोठा सांठा जळाला. मग ज्या विनोदाला कोणी वाङ्मय मानलें नाहीं, ज्याला ग्रंथालयांत जागा नाहीं, तो कोणी जपावयाचा? ज्या घरांसाठीं तो निर्माण झाला त्या घरांनींच. माळ्यावरच्या पेटींत पडलेली जुनी ध्वनिफीत किंवा व्हिडिओ कॅसेट टाकून देण्यापूर्वीं एकदा उघडून पाहावी, जुन्या माणसांना त्या कार्यक्रमांविषयीं विचारून तें लिहून ठेवावें, इतकें कोणत्याही कुटुंबाला करतां येण्यासारखें आहे. आपले आजोबा-आजी कशाला हंसत होते हें नातवंडांना कळावयाचें असेल, तर त्याचा पुरावा सरकारी दप्तरांत सांपडणार नाहीं.